एकाच लॉटचे बारा पंप

फवारणी पंपाच्या कंपनीचा माणूस केळझरला आला तेव्हा कोकिळाबाई झाडे खाटेवर पालथी पडलेली होती. कंबरेला पट्टी, डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. सेवाग्रामच्या दवाखान्यात सतरा दिवस काढून ती घरी आली त्याला अजून तीन दिवसही झाले नव्हते. पाठ टेकता येत नव्हती, बसता येत नव्हतं; पण कान शाबूत होते, आणि ओसरीवरचा शब्द न् शब्द तिला आत ऐकू येत होता.

माणूस गोड बोलत होता. कंपनीला फार वाईट वाटलं म्हणाला. असं सहसा होत नाही म्हणाला. माणुसकी म्हणून कंपनी कोरा करकरीत पंप देतेय, दवाखान्याचा खर्चही देतेय. फक्त तो जळका पंप तपासणीसाठी न्यावा लागेल आणि या कागदावर एक सही लागेल. कोकिळेचा नवरा खुशाल सरळ माणूस. समोरच्याने हात पुढे केला की आपणही करायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने पेन हातात घेतलाही.

“कागद मले वाचून दाखवा,” कोकिळा आतून म्हणाली. “मोठ्यानं.”

खुशाल वाचू लागला. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की पंपाची बॅटरी वापरणाऱ्याच्या हाताळणीतील चुकीमुळे फुटली, आणि याबाबत कंपनीविरुद्ध आपली काहीही तक्रार नाही. खुशालचा आवाज तिथेच अडकला.

आमची चूक कोणती झाली तेवढी सांगा, असं कोकिळेने त्या माणसाला आतूनच विचारलं. तो म्हणाला, ते लिहायची पद्धत असते ताई, त्याला काही अर्थ नसतो.

“अर्थ नाई त लिहिलं काऊन?”

माणसाने कागदाची घडी घातली. मग तिने नवऱ्याला बजावलं की पंप द्यायचा नाही, सही करायची नाही, आणि पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. पाहुणा चहा पिऊन, आपला नवा पंप उचलून चालता झाला. तो गेल्यावर खुशाल कुरकुरला, की आता त्या जळक्या डब्याचं करायचं काय, भंगारवालाही घेणार नाही. कोकिळा सेलूच्या बाजारात पंधरा वर्षं भाजी विकणारी बाई. तिने आपल्या धंद्यातलंच सांगितलं. “गिऱ्हाईक किडकं वांगं वापस घेऊन आलं त मी पयले वांगं हातात घेऊन पाह्यतो. वांगंच नसलं त भांडन कायचं?” खुशालने मुकाट्याने पंप युरियाच्या रिकाम्या पोत्यात बांधला आणि तिच्या खाटेखाली सरकवला.

झालं होतं ते असं. पोळा होऊन आठच दिवस झाले होते. वांग्यावर अळी पडली होती, म्हणून कोकिळा सकाळीच पाठीवर पंप घेऊन वावरात उतरली. नारिंगी टाकीचा, बॅटरीवर चालणारा पंप. हाताने दांडा मारायची कटकट नाही, म्हणून सेलूच्या निकेशच्या कृषी केंद्रातून तिने हौसेने आणला होता. दोन टाक्या मारून झाल्या. तिसरी अर्धी झाली असेल, तोच कंबरेशी चटका बसला. बॅटरीची पेटी टाकीच्या बुडाशी, बरोबर कंबरेवर टेकणारी. ऊन असेल म्हणून तिने दुर्लक्ष केलं. मग फटाक्याच्या माळेसारखा तडतड आवाज झाला आणि पाठीला आग लागली. छातीवरचा पट्टा ओढायला ती डाव्या हाताने गेली तर हातही भाजला. बांधावरून खुशाल धावत आला, त्याने विळ्याने पट्टे कापले आणि तिला पाण्याच्या टाक्याशी ओढत नेलं. एवढंच तिला आठवत होतं. पण एक गोष्ट तिने दवाखान्यात पडल्या पडल्या हजारदा घोळवली होती. चार्जर पंपासोबत आलेलाच होता. पेटी कधी उघडली नव्हती. पावसात कधी ठेवला नव्हता. मग चूक कोणाची?

हा प्रश्न घेऊन ती, बसता येऊ लागल्याबरोबर, वर्ध्याला ॲडव्होकेट अंकिता बोरकुटेकडे गेली. अंकिता मूळची सेलूची. तिची आई कोकिळेकडून भाजी न्यायची. वकिली सुरू करून तिला चारच वर्षं झाली होती, आणि असली केस तिच्याकडे पहिल्यांदाच येत होती. कोकिळेचं ऐकता ऐकता ती खुर्चीतून उठलीच. नव्या ग्राहक कायद्यात यासाठी वेगळं प्रकरणच आहे, असं तिने सांगितलं. वस्तूत दोष असेल आणि त्या दोषाने कोणाला इजा झाली, तर बनवणारा जबाबदार. त्याने मुद्दाम केलं की निष्काळजीपणाने केलं, हे आपण सिद्ध करत बसायचं नाही. दोष होता आणि त्या दोषानेच भाजलं, एवढं दाखवायचं.

“पंप कुठे आहे?” तिने विचारलं, आणि घरी खाटेखाली आहे असं कळल्यावर तिने टेबलावर हलकीच थाप मारली. त्याला पाणी लावू नका, पुसू नका, कोणाला हात लावू देऊ नका, असं तिने तीनदा सांगितलं.

नोटीस गेली. कंपनीचं उत्तर आलं. ग्राहकाने दुसऱ्याच चार्जरने बॅटरी चार्ज केली असावी. आमच्या हजारो पंपांत अशी तक्रार नाही. हा एकटादुकटा अपघात. कोकिळेने ते उत्तर अंकिताकडून दोनदा समजून घेतलं. रागाने तिचे कान तापले, पण त्या रागातच तिला वाट दिसली. एकटादुकटा म्हणतात ना? मग दुसरा शोधायचा.

टाकीच्या न जळलेल्या झाकणावर लॉट नंबर छापलेला होता. त्याच लॉटचे आणखी किती पंप निकेशने विकले असतील? ती थेट त्याच्या दुकानात गेली. निकेश तिशी-पस्तिशीचा, बोलका, गिऱ्हाइकाला खुर्ची देणारा माणूस; पण त्या दिवशी त्याने खुर्ची दिली नाही. कंपनी एजन्सी काढून घेईल वहिनी, एवढंच तो म्हणत राहिला. कोकिळेने वाद घातला नाही. बाजाराच्या दिवशी ती नेहमीसारखी पाल टाकून बसली. अजून मांडी घालता येत नव्हती, म्हणून उपड्या टोपलीवर अर्धवट टेकून, एका हाताने वांगी तोलत होती. दुपारी निकेश आला. त्याने पाव किलो वांगी मागितली, आणि पिशवी पुढे करताना तिच्या हातात एक घडी केलेला कागद दिला.

“बारा आलते,” तो खाली पाहत म्हणाला. “एक तुमचा, एक दुकानात सीलबंद पडला आहे. बाकी दहा लोकायचे नावं याच्यात आहे. तानबा उईकेले पयले गाठा, वहिनी. त्याचा फोन लागून नाई राह्यला.”

तानबालाच आधी का, हे त्याने सांगितलं नाही, आणि गर्दीत तिलाही विचारता आलं नाही. पण निकेशचा तो उतरलेला चेहरा तिला काही केल्या विसरता येईना. तिने उरलेली वांगी शेजारणीच्या हवाली केली, खुशालला बोलावलं, आणि दोघं मोटारसायकलवर निघाली. वाटेत ती यादीतल्या एकेकाला फोन लावत होती. पंप वापरू नका, बॅटरीची वायर सोडवून बाहेर मोकळ्यात ठेवा, मी येतो पाहायले. कोणी हसलं, कोणी घाबरलं, एकाने तू कोण म्हणून झापलं. हिंगणीपर्यंत नऊ जण झाले. दहावा तानबा. त्याचा फोन बंदच.

तानबाचं गाव हिंगणीच्या पलीकडे, बोरच्या जंगलाला लागून. शेवटचे दोन कोस रस्ता नावालाच. प्रत्येक खड्ड्यात कोकिळेच्या कंबरेची नवी कातडी ओढली जात होती, आणि खुशालने वेग कमी केला की ती त्याच्या खांद्यावर चापट मारत होती. गावात तानबाची बायको अंगणात भेटली. धनी वावरात गेलेत, कपाशीवर फवारायला, असं तिने सांगितलं. कोकिळेने खुशालला तिथूनच गाडी वावराकडे वळवायला लावली.

मोटारसायकल धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत गेली, पुढे चिखल. कोकिळा उतरून पळायला लागली. पन्नाशीचा, काटक तानबा कपाशीच्या दोन ओळींमधून चालला होता. नारिंगी टाकी लांबूनच दिसली. ती ओरडत होती. पंपाच्या घरघरीत त्याला ऐकू जात नव्हतं. शेवटी ती त्याच्या समोरच जाऊन उभी राहिली, तेव्हा तो दचकून थांबला.

“भाऊ, पंप उतरवा. आत्ता उतरवा.”

तानबाने तिला कधी पाहिलं नव्हतं. पण तिच्या हाताची पट्टी त्याने पाहिली, आणि काही न विचारता पट्टे सोडले. पंप खाली येताना कोकिळेला दिसलं, त्याच्या कंबरेशी पोत्याचा ओला बारदाना दुमडून खोचलेला होता. पेटी फार तापते म्हणून तो रोज बारदाना भिजवून लावायचा, असं त्याने सांगितलं. आज बारदान्यातून वाफ निघत होती.

मागून खुशालही पोचला, आणि तिघांनी मिळून पंप धुऱ्याकडे नेला आणि मोकळ्या जमिनीवर ठेवला. वीस पावलं मागे गेले असतील. पेटीच्या फटीतून आधी पांढरा धूर आला, बारीक, उदबत्तीसारखा. मग शिट्टीसारखा आवाज. मग तोच तडतडाट. ज्वाळा टाकीच्या वर उठली आणि नारिंगी प्लास्टिक वितळून धुऱ्यावर ओघळलं. खुशालने मोबाइल काढला होता. त्याने सगळं टिपलं. कोकिळा रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तानबा आपल्या कंबरेवर हात ठेवून नुसता त्या आगीकडे पाहत राहिला.

मग तो हळूच म्हणाला, “मी त निकेशभाऊले दाखवलतं. गरम होते म्हनून. त्यानं वायर बदलून देल्ली.”

केव्हा, असं कोकिळेने विचारलं. तानबाने आठवून सांगितलं, आषाढातल्या आखाडीच्या आधी. कोकिळेने पंप घेतला तो आखाडी झाल्यावर.

म्हणजे निकेशला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी ती निकेशपुढे उभी होती. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आली होती, आणि तिने चढवला नाही. तानबाच्या धुऱ्यावरचा व्हिडिओ तिने त्याला दाखवला. निकेशने तो पुरता पाहिला. मग स्टुलावर बसून त्याने स्वतःचा मोबाइल उघडला. तानबाची तक्रार त्याने तेव्हाच कंपनीच्या साहेबाला व्हॉट्सॲपवर कळवली होती, पेटीच्या फोटोसकट. उत्तर एका ओळीचं होतं. वायर बदलून द्या, बाकीचा माल थांबवू नका.

“अन् तुमी थांबवला नाई,” कोकिळा म्हणाली.

“नाई थांबवला.” निकेश म्हणाला. नंतर त्याने सांगितलं की ती दवाखान्यात होती तेव्हा तो दोनदा सेवाग्रामला येऊन फाटकावरूनच परतला. आता त्याने मोबाइल तिच्यासमोर ठेवला. हे वकीलबाईंना द्या. ते सीलबंद खोकंही न्या. कोकिळेने त्याला स्पष्ट सांगितलं की हे दिलं तर तक्रारीत कंपनीसोबत त्याचंही नाव येईल, आणि ती ते गाळायला सांगणार नाही. निकेश म्हणाला, “येऊ द्या.”

अंकिताने जिल्हा ग्राहक आयोगापुढे तक्रार दाखल केली. कोकिळेसोबत तानबाही तक्रारदार झाला. कंपनीने नागपूरहून मोठा वकील आणला. तो हुशार होता. आयोगाच्या खोलीत, पंख्याच्या खडखडाटात, त्याने शांतपणे मुद्दा मांडला, की तानबाच्या पंपाची वायर दुकानदाराने बदलली होती, म्हणजे मूळ वस्तूत फेरफार झाला, आणि फेरफाराची जबाबदारी कंपनीवर येत नाही. राहिला कोकिळाबाईंचा पंप. तो इतका जळला आहे की त्यावरून काहीच सांगता येणार नाही. दोन्ही पंप दोन वाक्यांत उडाले.

अंकिता उठली. तिने एवढंच सांगितलं, की त्याच लॉटचा एक पंप अजून कंपनीच्या कारखान्यातल्या सीलमध्ये आहे. त्यावर ना दुकानदाराचा हात लागला आहे, ना शेतकऱ्याचा. तो सरकारमान्य प्रयोगशाळेकडे पाठवावा. मोठ्या वकिलाने हरकत घेतली, मग पाणी प्यायला, मग आणखी एक हरकत घेतली. आयोगाच्या अध्यक्ष बाईंनी खोकं टेबलावर आणायला सांगितलं. सील दोन्ही बाजूंच्या वकिलांनी तपासलं. कंपनीच्या वकिलालाही मान्य करावं लागलं की ते अखंड आहे. त्यावर आयोगाची लाख चढली, सह्या झाल्या, आणि कोकिळेच्या जळक्या पंपासोबत खोकं प्रयोगशाळेकडे रवाना झालं.

अहवाल यायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत कोकिळेने कंबर वाकवून पहिल्यांदा वांगी तोडली, आणि रात्री दुखणं घेऊन झोपली, तरी सकाळी तिच्या तोंडात तोच विषय. खुशाल म्हणायचा, तुले बिमारी परवडली, ही घाई नाई परवडत. अहवाल उघडायची तारीख आली त्या दिवशी ती वर्ध्याच्या बसमध्ये उभीच राहिली. जागा असूनही तिला बसवेना.

पाकीट सगळ्यांसमोर फोडलं गेलं. अध्यक्ष बाईंनी आधी मनात वाचलं. कोकिळा त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होती. मग त्यांनी महत्त्वाचा भाग मोठ्याने वाचला. कधीही न वापरलेल्या पंपाच्या बॅटरीच्या पेटीत, वायर जिथून बाहेर येते तिथल्या पत्र्याच्या भोकाची कड धारदार होती. त्या कडेवर बसवायची रबरी चकती बसवलेलीच नव्हती. पंप चालताना होणाऱ्या कंपनाने वायरचं वरचं आवरण घासून निघतं, आतली तार पत्र्याला लागते आणि बॅटरी तापून पेटते. प्रयोगशाळेने तो पंप बंदिस्त खोलीत चालवून पाहिला होता. सव्वीस तासांत पेटी पेटली. चार्जर योग्य होता. आणि कोकिळेच्या जळक्या पंपातही त्या भोकात चकतीचा मागमूस नव्हता. वायरही तिथेच, त्याच कडेवर तुटलेली होती.

एक रबरी चकती. तिच्या करंगळीच्या नखाएवढी. कोकिळेने शेजारी बसलेल्या तानबाचा हात घट्ट धरला. तानबाने तो सोडवून घेतला नाही.

निकेशच्या मोबाइलमधला निरोप त्यानंतर वाचला गेला.

निकाल उन्हाळ्यात लागला. दोष कारखान्यातला आहे, तो कळल्यावरही कंपनीने माल थांबवला नाही, म्हणून दोघांच्या इजेची आणि नुकसानीची भरपाई कंपनीने द्यावी, असं आयोगाने ठरवलं. तानबा वाचला होता, पण रोजच्या त्या चटक्यांनी त्याच्या कंबरेला जखमा झाल्या होत्या, त्याही धरल्या गेल्या. माहीत असून विकल्याबद्दल भरपाईचा एक हिस्सा निकेशवरही आला. आणि शेवटचा हुकूम अंकिताने कोकिळेच्या कानाशी वाकून सांगितला, तेव्हा कोकिळेने तो पुन्हा सांगायला लावला. त्या लॉटचे सगळे पंप, विकलेले आणि न विकलेले, कंपनीने बाजारातून परत घ्यायचे, आणि वर्तमानपत्रांत मराठीतून तसं जाहीर करायचं. वस्तूत खोट होती, हे कंपनीने आपल्या नावाने छापायचं.

बाहेर व्हरांड्यात निकेश भिंतीला टेकून उभा होता. त्याची एजन्सी केव्हाच गेली होती. कोकिळा त्याच्याजवळ गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, कारण तसं तिच्या मनात अजून नव्हतं. त्या खोक्याशिवाय आज काही झालं नसतं, एवढं मात्र तिने त्याला सांगितलं. निकेशने मान हलवली.

कंपनी वर नागपूरला अपील करू शकते, असं अंकिताने सांगून ठेवलं होतं. कंपनीने केलं नाही. तीन आठवड्यांनी जाहिरात छापून आली, पान सातवर, चौकटीत, लॉट नंबरसह. खुशालने ती मोठ्याने वाचली, आणि या वेळी त्याचा आवाज कुठेच अडकला नाही.

सकाळचे नऊही वाजले नव्हते, तोच कोकिळेचा मोबाइल वाजला. तळेगाव श्यामजीपंतहून सुलोचनाबाई नावाच्या कोणी बोलत होत्या. बाजारातल्या बायकांकडून नंबर मिळवला म्हणाल्या. आपल्याकडेही नारिंगी टाकीचा पंप आहे, नंबर तोच आहे, आणि घरधनी आता तो पाठीवर घेऊन निघालेच आहेत, काय करू?

“पयले त्याईले थांबवा,” कोकिळा उठून उभी राहत म्हणाली. “थांबवलं? आता फोन त्याईच्याकडे द्या. मी सांगतो काय करायचं ते.”